वाटणीत आलेले जहाज

खानदेश हा समुद्रापासून दूरचा मुलूख. आपली तापी जळगाव व धुळे जिल्ह्यांतून वाहत जाऊन सुरतेपाशी समुद्रास मिळते, एवढाच काय तो आमचा आणि समुद्राचा संबंध, असे येथील कोणीही गृहस्थ म्हणेल. अशा मुलखात बसून आम्ही रशियाच्या विमानवाहू जहाजांची हकीकत सांगावयास निघालो, तर "यात आमचे काय?" असा प्रश्न वाचकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. त्याचे उत्तर आरंभीच देतो.

25 नोव्हेंबर 2009 रोजी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर, नेहमीच्या पातळाऐवजी वैमानिकाचा पेहराव केलेल्या 74 वर्षांच्या एक बाई सुखोई-30 या लढाऊ विमानात चढल्या आणि सुमारे अर्धा तास आकाशात राहून सुखरूप खाली उतरल्या. या बाई म्हणजे जळगाव जिल्ह्यातील नाडगावी जन्मलेल्या, जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजात शिकलेल्या आणि 1962 साली जळगावातूनच प्रथम विधानसभेत निवडून गेलेल्या प्रतिभाताई पाटील होत. त्या वेळी त्या भारताच्या राष्ट्रपती, म्हणजे तिन्ही सेनादलांच्या सरसेनापती होत्या. त्यानंतर महिनाभराच्या आतच, 22 डिसेंबरला, त्या गोव्याजवळच्या समुद्रात 'विराट' या विमानवाहू युद्धनौकेवरही जाऊन आल्या.

ज्या विमानात त्या बसल्या ते मूळ रशियन रचनेचे. आणि त्याच जातीची विमाने धुळ्याहून मालेगाव-चांदवडवरून नाशिकास जाणाऱ्या आग्रा रस्त्यावर, ओझर येथील कारखान्यात, त्या काळी तयार होत होती. 'विराट' ब्रिटिश बनावटीची व वयोवृद्ध झालेली. तिच्या जागी यावयाची नौका मात्र रशियातील एका गोदीत अडकून पडलेली, आणि तिच्या किमतीवरून दिल्ली व मॉस्को यांच्यात घासाघीस चाललेली. ती नौका, तिच्या बहिणी आणि त्यांच्यासाठी कल्पिलेली विमाने यांचा वृत्तान्त एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांस विशेष उद्बोधक वाटेल अशी आमची खात्री आहे. कारण, आतून पाहू गेल्यास, ही एका मोठ्या घराच्या वाटणीची गोष्ट आहे.

जहाजावर विमान उतरविणे

प्रथम ही विद्या किती कठीण आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे. जमिनीवरची धावपट्टी दोन-तीन किलोमीटर लांब असते. जहाजाचा सपाट माथा, ज्यास डेक म्हणतात, तो मोठ्यात मोठ्या जहाजावरही 300 मीटरांच्या आसपास. शिवाय तो लाटांबरोबर वरखाली होत असतो. 1911 साली युजीन इली नावाच्या अमेरिकन वैमानिकाने नांगरलेल्या जहाजावर बांधलेल्या लाकडी फळ्यांवर विमान प्रथम उतरविले. त्यास थांबविण्यासाठी दोन्ही टोकांस वाळूच्या पिशव्या बांधलेले दोर आडवे पसरून ठेविले होते. विमानाचा आकडा दोरांत अडकला, पिशव्या ओढल्या गेल्या आणि विमान थांबले.

शंभर वर्षांनंतरही युक्ती मूळची तीच आहे. वाळूच्या पिशव्यांची जागा पोलादी तारा व त्यांस जोडलेली यंत्रे यांनी घेतली, इतकेच. ताशी सुमारे 240 किलोमीटर वेगाने येणारे विमान शेपटाखालच्या आकड्याने तार पकडते आणि शंभर मीटरांच्या आत, दोन-अडीच सेकंदांत, जागच्या जागी थांबते. यातील नवल असे की, डेकला चाके टेकताच वैमानिक इंजिनाचा वेग कमी करीत नाही, उलट पूर्ण वाढवितो. कारण आकडा चुकलाच तर त्यास त्याच क्षणी पुन्हा उडावे लागते. उडण्याच्या कामी अमेरिकन लोक गोफणीप्रमाणे विमान पुढे फेकणारे यंत्र वापरतात. रशियाने ते यंत्र टाळून डेकचे पुढचे टोकच वर वळविले, म्हणजे धावत आलेले विमान त्या चढावरून आकाशात भिरकावले जाते.

या दोन-अडीच सेकंदांच्या मागे तारा ओढणारे, इशारे देणारे, बॉयलर सांभाळणारे शेकडो हात असतात. ते हात एका दिवसात तयार होत नाहीत. ब्रिटन, अमेरिका आणि जपान यांनी 1920 च्या सुमारासच ही विद्या हाती घेतली आणि सोडली नाही. रशियाचे तसे झाले नाही.

रशियाची धरसोड

सोव्हिएत आरमाराचे प्रमुख अ‍ॅडमिरल निकोलाय कुझ्नेत्सोव यांनी विमानवाहू जहाजांचा आग्रह वारंवार धरला. परंतु स्टालिनच्या अमदानीत बेत कागदावरच राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीचे 'ग्राफ झेपेलिन' हे अपुरे विमानवाहू जहाज रशियाच्या हाती आले, तेही 1947 साली नेमबाजीचे लक्ष्य म्हणून बुडविण्यात आले. पुढे ख्रुश्चॉव्ह यांची श्रद्धा पाणबुड्यांवर आणि क्षेपणास्त्रांवर. मोठाली जहाजे म्हणजे शत्रूला सोपे लक्ष्य, असे त्यांचे मत होते.

अखेर 1967 साली 'मॉस्क्वा' ही हेलिकॉप्टरे वाहणारी नौका दाखल झाली, आणि 1975 पासून चार मोठ्या बहिणी एकामागून एक आल्या: 'कीव्ह', 'मिन्स्क', 'नोव्होरोसिस्क' आणि 1987 साली 'बाकू'. चौघींचाही जन्म काळ्या समुद्रालगतच्या युक्रेन प्रांतातील निकोलायेव्ह येथील गोदीत झाला. तुर्कस्थानच्या सामुद्रधुनीतून विमानवाहू जहाजे नेण्यास 1936 च्या आंतरराष्ट्रीय कराराची अडचण होती. म्हणून यांस विमानवाहू न म्हणता 'विमाने नेणारी क्रूझर' म्हणत, असे एक कारण सांगितले जाते. पण नावाप्रमाणे रचनाही अर्धवटच होती. पुढचा निम्मा भाग क्षेपणास्त्रे व तोफा यांनी भरलेला आणि मागचा तेवढा विमानांसाठी. एका ओसरीत दुकान आणि स्वयंपाकघर दोन्ही थाटावे, तसा हा प्रकार.

एवढ्याशा जागेतून उडण्यासाठी याक-38 हे सरळ उभे वर चढणारे विमान तयार करण्यात आले. ते चढण्यातच इतके इंधन जाळी की दूर जाण्यास फारसे उरत नसे, आणि उष्ण समुद्रावर त्याची इंजिने दमून जात. त्याचे वारस म्हणून याक-141 पुढे आले. परंतु ऑक्टोबर 1991 मध्ये त्यांपैकी एक याच 'बाकू'च्या डेकवर उतरताना आपटून पेटले. वैमानिक वाचला; योजना मात्र पुढे वाचली नाही.

खऱ्या अर्थाने विमानवाहू म्हणता येईल असे जहाज पाचवे. त्याचे नाव प्रथम 'रीगा', मग 'लिओनिद ब्रेझनेव्ह', मग 'तिबलिसी' आणि शेवटी 'अ‍ॅडमिरल कुझ्नेत्सोव'! बारशाच्या वेळीच घरात इतका मतभेद असेल तर मुलाच्या भवितव्याची काळजी वाटावी, तसेच हे. 1 नोव्हेंबर 1989 रोजी व्हिक्टर पुगाचेव्ह यांनी सुखोई-27 च्या सुधारलेल्या जातीचे आणि तोक्तार अउबाकिरोव यांनी मिग-29 चे विमान या जहाजावर तार पकडून उतरविले. अमेरिकेने जे सात दशकांपूर्वी साधले होते, ते रशियास त्या दिवशी साधले. सहावे जहाज 'वर्याग' बांधले जात होते, आणि सातवे, 'उल्यानोव्स्क', अणुशक्तीवर चालावयाचे होते.

वाटणी

आणि इतक्यात घर फुटले. 1991 च्या अखेरीस सोव्हिएत संघ मोडून पंधरा स्वतंत्र राष्ट्रे झाली. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी वाडे वाटले जाताना पाहिले असतील: विहीर एकाकडे, रहाट दुसऱ्याकडे. येथेही तेच झाले. तयार जहाजे रशियाच्या वाट्यास आली आणि ती बांधणारी निकोलायेव्हची गोदी, तिच्यातील कारागिरांसह, युक्रेनच्या वाट्यास गेली. वैमानिकांच्या सरावासाठी क्रिमियात साकी येथे जमिनीवर बांधलेला डेकचा नमुनाही युक्रेनकडेच राहिला. ज्या शहरांची नावे जहाजांस दिली होती, ती कीव्ह, मिन्स्क, बाकू, तिबलिसी ही सारी परराष्ट्रांत गेली.

'उल्यानोव्स्क' अपुरेच मोडीत निघाले. 'वर्याग' 1998 साली चिनी खरेदीदारास विकले गेले आणि 2012 साली 'ल्याओनिंग' या नावाने चीनच्या आरमारात दाखल झाले. 'कीव्ह' व 'मिन्स्क' यांच्या नशिबी चीनमध्ये करमणुकीची स्थळे होणे आले. त्यांतील 'मिन्स्क' 2024 च्या ऑगस्टमध्ये आगीत होरपळले. 'नोव्होरोसिस्क' भंगारात गेले. 'बाकू'चे नाव पालटून 'अ‍ॅडमिरल गोर्श्कोव' झाले होते. 1994 साली त्याच्या बॉयलरच्या खोलीत स्फोट व आग होऊन ते निकामी झाले, आणि 1996 मध्ये त्यास सेवेतून काढण्यात आले. हेच जहाज पुढे आपल्याकडे यावयाचे होते.

'फुकट' जहाजाचा हिशेब

भारतास विमानवाहू नौकांची सवय जुनी आहे. पहिली 'विक्रांत' 1961 साली आली आणि 1997 पर्यंत तिने सेवा केली; पुढे 2012 पर्यंत ती मुंबईस संग्रहालय म्हणून उभी होती, आणि खानदेशातून मुंबईस गेलेल्या कित्येक मुलांनी ती पाहिलीही असेल. तिच्यानंतर एकट्या 'विराट'वर भार पडला. म्हणून 20 जानेवारी 2004 रोजी रशियाशी करार झाला. जहाज फुकट, दुरुस्ती व नूतनीकरणाचे 97 कोटी 40 लाख डॉलर, सोबत 16 मिग-29के विमाने मिळून एकूण सुमारे दीड अब्ज डॉलर. जहाज 2008 साली मिळावयाचे होते.

जुना वाडा ज्याने दुरुस्तीस काढला असेल त्यास पुढचे सांगावयास नको. कौले बदलावयास चढावे तो वासे कुजलेले, आणि वासे काढावे तो भिंत ओली! दुरुस्तीचे काम रशियाच्या उत्तर भागातील सेवेरोद्विन्स्क येथील सेवमाश गोदीकडे दिलेले होते. ही गोदी पाणबुड्या बांधण्यात नामांकित; पण विमानवाहू जहाजाचा तिला अनुभव नव्हता, आणि ज्यांना होता ते कारागीर वाटणीत दुसऱ्या देशात राहिलेले. जहाजाच्या 2500 खोल्यांपैकी 1750 नव्याने कराव्या लागल्या. 2300 किलोमीटर नवी केबल घालावी लागली. पुढच्या भागातील क्षेपणास्त्रे काढून तेथे वर वळविलेला नवा माथा बसविला. मुदत टळत गेली, आकडा फुगत गेला. आणि मार्च 2010 मध्ये सुमारे 2 अब्ज 35 कोटी डॉलरांवर, म्हणजे मूळच्या जवळजवळ अडीचपटीवर, तडजोड झाली.

तरी अखेरची परीक्षा बाकी होती. सप्टेंबर 2012 मध्ये पूर्ण वेगाची चाचणी घेताना आठांपैकी सात बॉयलर नादुरुस्त झाले. कारण काय, तर भट्टीच्या आतील अस्तराच्या विटा! आरोग्यास घातक म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस टाळून त्या जागी अग्निरोधक विटा घातल्या होत्या, त्या उष्णतेपुढे टिकल्या नाहीत. भुसावळच्या लोको शेडमध्ये ज्यांच्या वडिलांनी वा आजोबांनी वाफेच्या इंजिनांवर काम केले, किंवा ज्यांनी अमळनेर-जळगावच्या गिरण्यांतील बॉयलर पाहिले, त्यांस भट्टीतील एका विटेचे मोल ठाऊक आहे. अब्जावधी डॉलरांचे जहाज विटांसाठी आणखी एक वर्ष थांबले.

16 नोव्हेंबर 2013 रोजी संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या उपस्थितीत त्या थंड गोदीत जहाजावर भारताचा ध्वज चढला, नाव 'विक्रमादित्य' ठेविले गेले, आणि जानेवारी 2014 मध्ये ते कारवारच्या तळावर येऊन पोहोचले.

तरंगते कुटुंब

आता या जहाजाच्या संसाराकडे पाहू. आमच्या वाचकभगिनींस ते अधिक जवळचे वाटेल. लांबी 284 मीटर, वजन 44,500 टन, खालपासून वरपर्यंत उंची सुमारे वीस मजल्यांची, आणि वस्ती सोळाशेंवर माणसांची. नौदलाने दिलेल्या माहितीप्रमाणे या कुटुंबास महिन्याला सुमारे एक लाख अंडी, 20,000 लिटर दूध आणि 16 टन तांदूळ लागतात. माणशी हिशेब केला, तर महिन्यास दहा किलो तांदूळ, साडेबारा लिटर दूध आणि रोजची दोन अंडी पडतात. आपल्याकडील लग्नात सोळाशे पानांची वरण-बट्टी व वांग्याची भाजी करावयाची म्हटली तर यजमानास आठ दिवस आधी झोप लागत नाही. येथे ती पंगत रोज, दोन्ही वेळ, आणि बाजार शेकडो मैल दूर! एकदा सामान भरले की सुमारे 45 दिवस जहाज समुद्रात राहू शकते. पिण्याचे व वापरण्याचे पाणी समुद्राच्याच पाण्यातून मीठ काढून तयार करतात, ते दिवसास 400 टन. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या गावांस या आकड्याचा हेवा वाटल्यास नवल नाही.

परंतु हे कुटुंब सुखाचेच दिवस पाहते असे नाही. 26 एप्रिल 2019 रोजी कारवार बंदरात शिरताना जहाजात आग लागली. ती विझविताना लेफ्टनंट कमांडर डी. एस. चौहान यांस प्राण गमवावे लागले. आगीवर ताबा आला आणि जहाज वाचले. हिशेबाच्या वहीत डॉलर लिहिता येतात. हा जमाखर्च कोणत्या रकान्यात मांडावा?

विमानांची कथा

जहाजाबरोबर आलेल्या मिग-29के विमानाची कथाही तितकीच विलक्षण आहे. 1989 साली डेकवर उतरलेल्या त्या मिगला रशियाने पुढे बाजूस सारून सुखोईस पसंती दिली होती. म्हणजे ही योजना मायदेशी पडूनच होती. 2004 च्या भारतीय मागणीने ती पुन्हा जिवंत झाली; पुढे 2010 मध्ये भारताने आणखी 29 विमाने मागविली, आणि त्यानंतर रशियाच्या आरमारानेही आपल्यासाठी तीच घेतली. परक्याच्या पैशाने घरचे मूल वाढले, असे म्हणावयास हरकत नाही.

ही विमाने 2010 पासून गोव्यात दाबोळीच्या 'हंसा' तळावर आहेत. तथापि ती वापरात पुरती उतरली नाहीत. भारताच्या महालेखापरीक्षकांनी 2016 च्या अहवालात नमूद केले की, त्यांपैकी कामास सज्ज असणाऱ्या विमानांचे प्रमाण शेकडा 16 ते 38 च्या दरम्यानच राहिले, आणि आलेल्या 65 इंजिनांपैकी 40 रचनेतील दोषांमुळे सेवेतून काढावी लागली. 26 नोव्हेंबर 2020 रोजी गोव्याजवळच्या समुद्रात असे एक विमान कोसळून कमांडर निशांत सिंग हे वैमानिक मृत्यू पावले.

रशियाची स्वतःची अवस्थाही काही निराळी झाली नाही. एकुलते उरलेले 'कुझ्नेत्सोव' 2016 साली सीरियाच्या मोहिमेवर गेले, तेव्हा विमान थांबविणाऱ्या तारांच्या दोषाने तीन आठवड्यांत दोन विमाने समुद्रात गेली. दुरुस्तीस आले तो 2018 मध्ये ज्या तरंगत्या गोदीत ते उभे होते तीच बुडाली. 2019 मध्ये जहाजावर आग लागली. 2017 च्या आरंभी परतल्यापासून 2025 पर्यंत ते पुन्हा कामगिरीवर गेले नाही. ज्या विद्येची परंपरा मध्येच तुटली, ती नुसत्या हुकमाने जोडता येत नाही, हे यावरून दिसून येईल.

ओझर आणि कोची

मग भारताने केले ते सर्वस्वी चुकले काय? आमचे मत तसे नाही. दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत.

पहिली ओझरची. 1962 च्या चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि पुढे नाशिकातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. त्यांच्याच कारकीर्दीत, 1964 साली, ओझर येथे मिग विमानांचा कारखाना निघाला. तेथे मिग-21, मग मिग-27 आणि 2004 पासून सुखोई-30 तयार झाली. आराखडे रशियाचे असले तरी हात आपले होते. मिग-27 ची सेवा 2019 मध्ये व मिग-21 ची 26 सप्टेंबर 2025 रोजी संपली. परंतु हात निवृत्त झाले नाहीत. 17 ऑक्टोबर 2025 रोजी त्याच ओझरहून 'तेजस' या भारतीय रचनेच्या विमानाने उड्डाण केले. परक्याच्या कित्त्यावर साठ वर्षे गिरविलेले अक्षर अखेर स्वतःचा मजकूर लिहू लागले.

दुसरी गोष्ट कोचीची. नव्या 'विक्रांत'साठी लागणारे विशेष पोलाद रशियाकडून मिळण्याची आशा होती. ते मिळेना, तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी व पोलादाच्या कारखान्यांनी ते येथेच तयार केले. 2 सप्टेंबर 2022 रोजी ती नौका आरमारात दाखल झाली. 'विक्रमादित्य'वर काम केलेल्या माणसांचा अनुभव तिच्या उपयोगी पडला, हे उघड आहे. दरम्यान 11 जानेवारी 2020 रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी 'तेजस'ची नाविक आवृत्ती 'विक्रमादित्य'च्या डेकवर तार पकडून उतरविली. जहाज जुने रशियन, विमान नवे भारतीय आणि वैमानिकाचे आडनाव आपल्या ओळखीचे!

तरी समाधान मानून स्वस्थ बसण्यासारखी स्थिती नाही. त्या नाविक 'तेजस'ला नौकेवर कायमची जागा अद्याप मिळालेली नाही. नव्या 'विक्रांत'वरही मिगच चढली, आणि एप्रिल 2025 मध्ये भारताने 26 राफाल-एम विमानांसाठी फ्रान्सशी करार केला. म्हणजे घर आपले झाले, पण त्यातील महत्त्वाची भांडी अद्याप शेजाऱ्याकडून येतात. ती आपली होण्यास पैसा लागेल हे खरे. पण त्याहून अधिक लागेल ते एकदा धरलेले काम पिढ्यान्‌पिढ्या न सोडणारे मन. रशियापाशी बुद्धी होती, पोलाद होते, शूर वैमानिक होते. त्याने धरावे आणि सोडावे असे केले, आणि शेवटी वाटणीने त्याचे हातच तोडून नेले.

धुळे-जळगावकडील पुष्कळ मुले आज यंत्रविद्येच्या शिक्षणासाठी घराबाहेर पडत आहेत. पुढच्या खेपेस नाशिकास जाताना ओझरच्या आसपास डोक्यावरून आवाज गेला, तर घरातील वडीलधाऱ्यांनी मोटार क्षणभर थांबवून मुलांस वर पाहावयास सांगावे, आणि बाकूच्या नावाचे जहाज भट्टीच्या विटांसाठी कसे अडून राहिले होते, तेही अवश्य सांगावे, अशी आमची विनंती आहे.